घर उचलणारी माती

मे महिन्याच्या अखेरीस वडखळहून अलिबागकडे निघाले की धरमतरची खाडी ओलांडल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना खारेपाटाची खाचरे लागतात. भाताची कापणी कधीच उरकलेली असते आणि करडी-काळी जमीन उन्हात उघडी पडलेली असते. बांधावरून खाली उतरून पाहिले तर सगळे खाचर भेगांनी विभागलेले दिसते. पाच-सहा बाजूंचे ओबडधोबड तुकडे, आणि दोन तुकड्यांमध्ये बोट सहज शिरेल एवढी फट. फटीत काठी सोडली तर ती बरीच खोल जाते. मग जून उजाडतो, पहिले दोन-तीन दमदार पाऊस होतात आणि बघता बघता भेगा नाहीशा होतात. कोणी वरून माती टाकून त्या बुजवलेल्या नसतात. जमीनच फुगते आणि आपल्या फटी आपण मिटवते.

खारेपाटातल्या शेतकऱ्याला यात नवल वाटत नाही. जमिनीचा स्वभावच तसा, असे तो म्हणेल. पण त्याच जमिनीवर घर बांधायचे ठरले की हा स्वभाव भारी पडतो. भेगा उघड्या आहेत तोवर फुगणाऱ्या मातीला आडवे पसरायला जागा असते. त्या मिटल्या की मोकळी दिशा एकच उरते, वरची. वर येताना ही माती डोक्यावर जे असेल ते उचलू पाहते. चांगली फुगणारी काळी माती जागची हलू न देता भिजवली, तर ती एका चौरस मीटरवर वीस-तीस टनांपर्यंत जोर लावू शकते. एकमजली घराचे सगळे वजन त्याच्या जागेवर सारखे वाटले तर चौरस मीटरला एक-दीड टनाच्या आसपास भरते. भिंतीखालच्या पायाच्या पट्टीत ते एकवटते, तरी पाच-दहा टनांच्या पुढे सहसा जात नाही. घराच्या वजनाने माती दबते ही आपली रोजची समजूत इथे उलटी पडते. म्हणूनच उंच इमारतीपेक्षा बैठे घर, कुंपणाची भिंत, शाळेची ओवरी, कालव्याचे अस्तर असली हलकी बांधकामे या मातीच्या तावडीत आधी सापडतात.

माती काय करते आहे हे भिंत सांगते, वाचता मात्र आले पाहिजे. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली चीर वर रुंद आणि खाली निमुळती असेल, तर घराचा मधला भाग वर आला आहे. खाली रुंद असेल तर कडा उचलल्या गेल्या आहेत. दारे चौकटीला घासू लागतात, फरशीवर टिचकी मारली तर ती पोकळ वाजते. पावसाळ्यात चीर मिटते, उन्हाळ्यात उघडते. पुट्टी भरून रंग दिला तरी पुढच्या मे महिन्यात ती त्याच जागी हजर असते. १९७३ साली जोन्स आणि होल्ट्झ या दोन अमेरिकी अभियंत्यांनी आपल्या देशातला हिशेब मांडला होता. फुगणाऱ्या मातीमुळे दरवर्षी सव्वादोन अब्ज डॉलरहून अधिक नुकसान होते, आणि ते पूर, वादळे व भूकंप यांच्या एकत्रित नुकसानीच्या दुपटीहून जास्त आहे, असे त्यांचे म्हणणे होते. या संकटाला त्यांनी छुपे म्हटले ते बरोबरच होते. पुराची बातमी होते, चिरेची होत नाही.

ही माती आली कुठून? उत्तर समोरच्या डोंगरात आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पश्चिम भारतात लाव्हाचे थरावर थर पसरले आणि त्यातून दख्खनचा काळा कातळ घडला. सह्याद्री त्याचाच, रायगड किल्ल्याचा डोंगर त्याचाच, आणि अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला उभा आहे तो खडकही त्याच कुळातला. हा बेसॉल्ट ऊन-पावसात कुजतो तेव्हा त्याचे काय होणार हे पाणी ठरवते. पाऊस भरपूर असेल आणि पाणी झरझर निघून जात असेल, तर ते दगडातला मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि बरीचशी सिलिका धुऊन नेते. मागे उरते लोखंडाची लाली आणि केओलिनाइट नावाचे शांत खनिज. माथेरानची लाल माती आणि कोकणच्या सड्यांवरचा जांभा ही त्याचीच रूपे. हेच पाणी सखल जागी येऊन साचले, निघून जायला वाट नसली, तर धुतलेली सिलिका आणि मॅग्नेशियम तिथेच मुक्काम करतात आणि त्यांतून दुसरेच खनिज जुळून येते. ते मॉन्टमोरिलोनाइट. देशावर पाऊस कमी, म्हणून तिथे मैलोन्‌मैल काळी राने पसरली आहेत. कोकणात पाऊस प्रचंड, पण डोंगराच्या पायथ्याशी, पाताळगंगा, अंबा, भोगावती, कुंडलिका या नद्यांच्या तोंडाशी गाळ साचत आला, आणि मुंबई-रायगडच्या खाड्यांतल्या चिकण गाळात हे खनिज ठळकपणे सापडते. एका दगडाची दोन लेकरे, एक तांबडे आणि एक काळे, पेण-अलिबागच्या पट्ट्यात एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर राहतात. मला या साऱ्या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते, आणि पुढे दिसेल की काळ्याचा इलाजही तांबड्याजवळच निघाला.

मॉन्टमोरिलोनाइट हे पापुद्र्यांचे खनिज आहे. एका पापुद्र्याची जाडी जेमतेम एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. ॲल्युमिनियमच्या काही जागा मॅग्नेशियमने पटकावलेल्या असतात, त्यामुळे पापुद्र्यावर ऋण विद्युतभार शिल्लक राहतो. तो भागवायला दोन पापुद्र्यांच्या मध्ये सोडियमचे किंवा कॅल्शियमचे कण येऊन बसतात. या कणांना पाण्याची ओढ असते. पाणी आत शिरते, आधी एक थर, मग दुसरा, मग तिसरा, आणि पापुद्रे एकमेकांपासून दूर ढकलले जातात. मध्ये कॅल्शियम असेल तर तीन-चार थरांनंतर हा प्रकार थांबतो. सोडियम असेल तर पापुद्रे दूर जातच राहतात. चिमूटभर मातीत एवढे बळ का, याचे उत्तर क्षेत्रफळात आहे. या खनिजाच्या एका ग्रॅममधले सगळे पापुद्रे सुटे करून मांडले तर सुमारे ८०० चौरस मीटर पृष्ठभाग भरेल. कबड्डीची सहा मैदाने, एका ग्रॅममध्ये. केओलिनाइटच्या ग्रॅमला दहा-वीस चौरस मीटरच मिळतात. त्याचे थर एकमेकांना घट्ट धरून असतात आणि पाण्याला आत घेत नाहीत.

किनाऱ्यावर या गोष्टीत मीठ मिसळते. समुद्राच्या पाण्यात क्षार इतके असतात की पापुद्र्यांमधल्या कणांना बाहेरचे पाणी ओढून घ्यायला फारसे कारण उरत नाही. मातीचे कण गुठळ्या करून बसतात आणि ती तुलनेने शांत राहते. खारजमिनीत मात्र माणसाने हात घातला आहे. भरतीचे पाणी रोखायला बांध घातले, ओहोटीला आतले पाणी सोडायला उघाड्या बसवल्या, आणि पावसाच्या गोड्या पाण्याने मीठ धुऊन भात पिकवला. रायगडच्या किनाऱ्यावर ही खारबंदिस्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पनवेलला तर खारभूमी संशोधन केंद्रच आहे. पण पाऊस मीठ धुऊन नेतो तेव्हा मोकळे क्षार जातात, पापुद्र्यांना चिकटलेला सोडियम बराचसा मागे राहतो. बाहेरचे पाणी गोडे आणि आत सोडियम, ही फुगण्यासाठी सर्वांत अनुकूल अवस्था. त्यात इथले हवामान टोकाचे. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि मग आठ महिने कोरडे. खारेपाटातली वरची माती दरवर्षी एकदा पोटभर पिते आणि एकदा पार सुकते.

हे सगळे डोळ्यांनी पाहायचे असेल तर प्रयोगशाळेतल्या सर्वांत साध्या चाचणीसारखे दुसरे काही नाही. भारतीय मानकांत ती १९७७ पासून नोंदलेली आहे आणि तिला लागतात काचेची दोन उभी मोजपात्रे, थोडे ऊर्ध्वपातित पाणी आणि थोडे रॉकेल. सुकवलेली माती कुटून बारीक चाळणीने चाळायची. तिचे दहा-दहा ग्रॅमचे दोन वाटे करायचे. एक वाटा पाण्याच्या पात्रात सोडायचा, दुसरा रॉकेलच्या. काचेच्या कांडीने हलवून अडकलेली हवा काढून टाकायची आणि पात्रे २४ तास स्वस्थ ठेवायची. रॉकेलच्या रेणूंना विद्युत ध्रुव नसतात, त्यामुळे पापुद्र्यांना त्याचे आकर्षण नाही; त्यात माती फक्त बसते. पाण्यात मात्र ती वाढू लागते. पहिल्या तासाभरात फारसा फरक कळत नाही. संध्याकाळी पाहिले तर पाण्यातल्या मातीचा वरचा काठ पुसट, ढगाळ झालेला असतो आणि त्याच्या खालचा थर भुसभुशीत दिसतो. दुसऱ्या दिवशी दोन्ही पात्रे शेजारी धरली की शंका राहत नाही. समजा रॉकेलमध्ये मातीने ११ मिलिलिटरची खूण गाठली आणि पाण्यात २५ ची. फरक १४, भागिले ११, म्हणजे १२७ टक्के. मानकांच्या तक्त्यात ५० च्या खालचा आकडा फारसा चिंतेचा नाही, १०० ते २०० म्हणजे गंभीर, २०० च्या वर अतिगंभीर. हाच प्रयोग केओलिनाइटच्या लाल मातीवर केला तर कधी कधी उलटाच प्रकार दिसतो. रॉकेलमधला थर पाण्यातल्यापेक्षा उंच भरतो आणि उत्तर शून्याच्या खाली जाते. दोन भावंडांचा स्वभावभेद इतका स्वच्छ.

आता इलाजाकडे येऊ. प्रा. आर. के. कट्टी हे पवईच्या आयआयटीतले मृदा अभियंते. काळ्या मातीवर त्यांनी दीर्घकाळ काम केले आणि भारतीय भूतंत्र संस्थेच्या पहिल्या वार्षिक व्याख्यानात ते मांडले. १९७९ साली ते संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांना पडलेला प्रश्न असा होता. काळ्या मातीच्या रानात पावसाळ्यात वरचा सुमारे मीटरभर थर हलतो, फुगतो, मऊ होतो. त्याच्या खालची माती मात्र वर्षभर जवळपास जागच्या जागी असते. पाणी तिलाही मिळते, खनिजही तेच. मग ती का फुगत नाही? वरच्या थराच्या वजनाने, असे उत्तर पटकन सुचते. पण गणित करून पाहिले तर मीटरभर मातीचे वजन चौरस मीटरला अवघे दोन टनांच्या आत भरते, आणि खालची माती वीस-तीस टनांचा जोर लावू शकणारी. दोन टनांनी वीस टन दाबले जाणार कसे?

कट्टींचे उत्तर होते, वजनाने नव्हे, चिकटपणाने. मातीचे कण एकमेकांना आणि मधल्या पाण्याला विद्युत ओढीने धरून असतात. पृष्ठभागाशी ही पकड सुटी असते, वरून तिला धरायला कोणी नाही. खोलवर प्रत्येक थराला वरचा-खालचा थर धरून असतो आणि पापुद्र्यांना दूर जायला मुभा मिळत नाही. हे खरे असेल तर पृष्ठभागावर दुसऱ्या एखाद्या मातीचा थर घालून तीच पकड बाहेरून आणता आली पाहिजे. अट दुहेरी होती: त्या मातीत चिकटपणा हवा, आणि ती स्वतः फुगता कामा नये. मोठ्या टाक्यांमध्ये काळी माती भरून, वर वेगवेगळ्या जाडीचे थर दाबून, खालून पाणी देऊन त्यांनी प्रयोग केले. थर जसजसा जाड होत गेला तसतसे फुगणे झपाट्याने घटत गेले, आणि मीटरभर जाडीला ते जवळजवळ थांबले. वजनाच्या हिशेबात न बसणारे काम मीटरभर साध्या मातीने केले होते.

ही साधी माती म्हणजे कोकणात आणि देशावर प्रत्येक गवंड्याला ठाऊक असलेला मुरूम. सगळाच नव्हे, ज्यात थोडी केओलिनाइटची चिकणमाती आहे, पाणी मारून दाबल्यावर जो घट्ट बसतो, तो. अर्धवट कुजलेला बेसॉल्ट किंवा जांभ्याचा लाल मुरूम यात बसतो. त्याआधी पायाखाली वाळूचा थर घालण्याची पद्धत बरीच होती, आणि अजूनही कोणी कोणी तिचा आग्रह धरतो. वाळू फुगत नाही हे खरे, पण तिच्यात चिकटपणाही नाही. शिवाय तिच्या पोकळ्यांत पाणी साठते आणि खालच्या काळ्या मातीला ते निवांत पाजले जाते. कट्टींच्या मुरूम-थराची पद्धत कर्नाटकात मलप्रभा प्रकल्पाच्या कालव्यांवर वापरली गेली, आणि फुगणाऱ्या जमिनीतून जाणाऱ्या कालव्यांच्या अस्तरासाठी भारतीय मानकांतही आली. जोर बेताचा असेल तिथे पाऊण मीटर, जास्त असेल तिथे मीटरभर, अशी ती जाडी आहे. पुढच्या संशोधकांनी तिची एक मर्यादाही दाखवली. भिजणे आणि सुकणे यांची आवर्तने वारंवार झाली की मुरमाची पकड हळूहळू ढिली होते. काहींनी म्हणून राखेत चुना किंवा सिमेंट मिसळून अधिक टिकाऊ थर करून पाहिले. मूळ कल्पना मात्र कट्टींचीच राहिली, आणि ती इतकी स्वस्त, इतकी आपल्या मातीतली आहे की तिचे नाव आपल्याकडे घरोघरी माहीत नसावे याचे मला वाईट वाटते.

दुसरा भारतीय इलाज रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने घडवला, दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. तो वरची माती दाबत बसत नाही, तिच्या खाली जातो. काळ्या रानात साडेतीन मीटरच्या सुमाराला ऋतूंचा परिणाम संपतो. तिथवर हाताने फिरवायच्या गिरमिटाने वीतभराहून थोडे रुंद भोक पाडायचे. मग त्या भोकात एक अवजार उतरवतात. त्याच्या दांड्याला खाली मिटलेली पाती असतात आणि त्यांच्या तळाशी बादली. वरून दाब देत दांडा फिरवला की पाती हळूहळू उघडतात, भोकाची बाजू खरवडतात आणि माती बादलीत पडते. बादली वर काढायची, रिकामी करायची, पुन्हा सोडायची. होता होता जमिनीच्या पोटात अडीचपट रुंदीची घंटेसारखी पोकळी तयार होते. सळ्या सोडून काँक्रीट भरले की खालून फुगीर असा खांब मिळतो. वरची माती फुगून खांबाला वर ओढू लागली तरी खालचा फुगा त्याला सोडत नाही. या खांबांच्या डोक्यावर तुळया येतात आणि तुळयांच्या तळाशी जमिनीपासून काही सेंटिमीटरची मोकळी जागा मुद्दाम ठेवतात. जमिनीने वर यायचे तितके यावे, तिला घर लागतच नाही. ज्या काळात यंत्रे दुर्मीळ होती त्या काळात दोन-चार माणसांच्या हातांनी होणारे हे काम होते, आणि देशातल्या काळ्या मातीच्या गावोगावी ते झाले.

रायगडच्या किनाऱ्यावर मात्र हा फुगीर खांब सरसकट चालत नाही. देशावर काळ्या मातीखाली बहुधा मुरूम आणि मग कातळ लागतो. खारेपाटात वरचा मीटर-दीड मीटर सुकून भेगाळतो, आणि त्याच्या खाली कायम भिजलेला, खाडीचा मऊ गाळ असतो, काही ठिकाणी दहा मीटर, काही ठिकाणी त्याहून खोल. त्या गाळात घंटेची पोकळी उभीच राहत नाही, बाजू ढासळतात. म्हणजे इथल्या पायाला दोन उलट स्वभावांना एकाच वेळी तोंड द्यायचे असते. वरची माती फुगून घर उचलू पाहते, खालची दबून घर खचवू पाहते. खनिज दोन्हीकडे तेच. वरच्याने पाणी सोडलेले आहे म्हणून ते घ्यायला उत्सुक, खालच्याने ते भरपूर घेतलेले आहे म्हणून दाब आला की सोडायला लागते.

इथे एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पुराच्या आणि उधाणाच्या भीतीने जोते उंच घ्यायचे, म्हणून खारेपाटात प्लॉट घेतला की आधी मुरमाचे डंपर लागतात. किती ब्रास भरले हे अभिमानाने सांगितले जाते. पण दोन मीटर मुरूम म्हणजे चौरस मीटरला साडेतीन-चार टन. बैठ्या घराच्या सरासरी वजनाच्या दुपटी-तिपटीहून अधिक. खालच्या गाळाला घर जाणवत नाही, भराव जाणवतो. घाईने भराव घालून लगेच त्यावर घर बांधले तर पुढची कित्येक वर्षे भराव घरासकट खाली बसत राहतो, आणि गाळ सगळीकडे सारख्या जाडीचा नसल्याने एका बाजूला जास्त बसतो. मुरूम काळ्या मातीचे फुगणे आवरतो हे खरे, पण गाळावर तोच ओझे होतो. म्हणून मापात घालायचा. वरची भेगाळणारी माती आधी काढून तिच्या जागी मुरूम भरला, तर ओझे फारसे वाढत नाही आणि फुगणारा थरही जातो. वीस-वीस सेंटिमीटरचे थर, पाणी मारून, रोलर किंवा धुम्मस करून. जोते उंच करायचेच असेल तर भराव आधी घालून त्याच्यावरून निदान एक पावसाळा जाऊ द्यावा.

वाट पाहणे हा गाळावरचा जुना उपाय, आणि तो वेगाने करण्याची युक्ती रायगडच्याच किनाऱ्यावर मोठ्या प्रमाणावर पाहायला मिळते. गाळ दबतो तो त्यातले पाणी निघून जाते म्हणून. ते किती वेळात जाईल याचे गणित कार्ल टेरझागी यांनी १९२५ च्या आपल्या जर्मन ग्रंथात मांडले, आणि आधुनिक मृदा-यांत्रिकीची सुरुवात तिथूनच मानतात. पाण्याला बाहेर पडायला जितके अंतर जावे लागते त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वेळ लागतो. अंतर निम्मे केले की वेळ चौथाईवर, दहावा हिस्सा केले की शंभराव्या हिश्श्यावर. म्हणून गाळात मीटर-सव्वा मीटरवर एकेक अशा प्लास्टिकच्या पन्हळीदार पट्ट्या कापडी गाळणीत गुंडाळून उभ्या खुपसतात. पाण्याला आता दहा मीटर वर चढायचे नसते, अर्ध्या मीटरवरची पट्टी गाठायची असते. वर भरावाचे ओझे ठेवले की पट्ट्यांच्या तोंडातून पाणी वर येऊ लागते, आणि पिढीभर चालले असते ते खचणे काही महिन्यांत उरकते. १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावाशेवाच्या बंदराच्या परिसरात कंटेनर यार्डांसाठी ही पद्धत वापरली गेली आहे. पनवेल तालुक्यातल्या नव्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. त्याच्यासाठी उलव्याची टेकडी फोडून तिचा दगड सखल दलदलीच्या जागेवर पसरला. डोंगर उतरवून चिखलावर घालायचा, हे खारेपाटातला माणूस चार डंपरांत करत आला तेच, फक्त हजारो पटींनी मोठे.

आता हा प्रश्न थोड्या बंगल्यांपुरता राहिलेला नाही. अटल सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले आणि मुंबई उरणच्या दाराशी आली. त्याच वर्षी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांच्या जमिनीवर नवे नगर वसवायचे राज्य सरकारने ठरवले. क्षेत्र ३२३ चौरस किलोमीटरहून अधिक. यातली पुष्कळ जमीन खाडीकाठची आहे. उंच इमारतींचे पाये कातळापर्यंत जाणाऱ्या खांबांवर उभे राहतील, त्यांची मला फारशी काळजी वाटत नाही. काळजी आहे ती भोवतालच्या गावांतल्या बैठ्या आणि दुमजली घरांची, शाळांची, अंगणवाड्यांची, जिथे जमिनीची तपासणी हा वायफळ खर्च मानला जातो.

अशा घरांना वाचवण्यात पायाइतकाच हात पाण्याच्या शिस्तीचा असतो. फुगणारी माती ओली असल्याने घर तडकत नाही. एकीकडे ओली आणि दुसरीकडे कोरडी असल्याने तडकते. घर बांधले की जमिनीचे तोंड झाकले जाते, मधल्या भागातला ओलावा उडून जाऊ शकत नाही आणि तो वर्षानुवर्षे वाढत राहतो, कडा मात्र ऋतूप्रमाणे भिजत-सुकत राहतात. म्हणून भोवती मीटर-दीड मीटर रुंदीची, बाहेर उताराची फरसबंदी हवी. पागोळ्यांचे पाणी जोत्याशी न पडता गटाराने दूर गेले पाहिजे. शोषखड्डा जोत्याला चिकटून काढणे ही तर नेहमीची चूक. वर्षभर एकाच कोपऱ्याला पाणी पाजण्याची ती पक्की सोय होते. मोठे झाड भिंतीलगत असेल तर ते उन्हाळ्यात उलटे करते, आपल्या बाजूची माती सुकवून तिला आकसायला लावते. वडाचे-पिंपळाचे रोप भिंतीत उगवले तर आपण लगेच उपटतो, पण पाच हातांवरचे झाड जमिनीखालून काय करते आहे हे दिसत नाही.

प्लॉट घेण्याआधी मे महिन्यातच एक खड्डा मारून घ्यावा. पावसाळ्यात सगळी जमीन शहाणी दिसते. खड्ड्याची बाजू उभी कापून पाहिली की भेगा किती खोल गेल्या आहेत ते दिसते, आणि ऋतूंचा परिणाम निदान तिथवर पोचतो हे कळते. अर्धा मीटर, एक मीटर आणि दोन मीटरवरून मूठभर माती वेगवेगळ्या पिशव्यांत घेऊन जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यावी. मोठ्या कामासाठी बोअर मारून मातीचा अखंड नमुनाही काढतात. अहवाल बराच लांब असतो, पण त्यात तीन आकडे आधी शोधावेत: मोजपात्रांच्या चाचणीत माती किती टक्के फुगली, अडवून धरल्यावर तिने चौरस मीटरला किती जोर लावला, आणि कठीण मुरूम किंवा कातळ किती खोल लागला. हे तीन आकडे हातात असले की मुरूम किती ब्रास, जोते किती उंच आणि खांब लागतील की नाही, हे अभियंत्याशी नेमके बोलता येते.